मोसंबीवरची हिरवी बुरशी आणि शेतकऱ्याचं पोर : अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट

जांब समर्थ (ता. घनसावंगी) : सप्टेंबर लागला की आपल्याकडं आंबे बहाराच्या मोसंबीची फळगळ सुरू होते. पाऊस लागून राहिला तर झाडाखाली सडाच पडतो. दोन दिवसांत त्या फळांवर पांढरी, मग हिरवी-निळी भुकटीसारखी बुरशी चढते. हाताला लागली की पावडरसारखी उडते. आपण नाक मुरडून ती फळं बांधाच्या बाहेर फेकतो. ह्या बुरशीच्याच एका चुलतभावानं जगातली कोट्यवधी माणसं वाचवली आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेसुद्धा आमच्या चुलत्याच्या पायाच्या निमित्तानं.

गेल्या वर्षी सोयाबीन सोंगताना आबांच्या पायाला विळा लागला. आबांना शुगर आहे. चार दिवसांत पाय सुजून लाल झाला, ताप भरला. गावाजवळच एका ठिकाणी रोज संध्याकाळी एक भारी इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी मळणी यंत्र मिळालं आणि आबा म्हणाले की झालं, बरं वाटतंय. इंजेक्शन बंद. दहाव्या दिवशी पाय काळा पडायला लागला आणि त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं मी बारा दिवस त्यांच्या पलंगाशेजारी बसून होतो. सलाईनच्या बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर दोन औषधांची नावं एकत्र लिहिलेली असायची, पिपरॅसिलिन आणि टॅझोबॅक्टम. दोन का, एक का नाही, असं मी तिथल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमला विचारलं. मॅडमनी वेळ काढून समजावलं, आणि तिथून मी फ्लेमिंगपर्यंत पोचलो. पाय वाचला. दोन बोटं गेली.

तर फ्लेमिंग. अलेक्झांडर फ्लेमिंगचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा, स्कॉटलंडमधल्या डार्वेल गावाजवळच्या लॉकफिल्ड नावाच्या शेतावरचा. वस्तीवर राहणारं, मेंढरं पाळणारं शेतकऱ्याचं घर. बापाचं दुसरं लग्न, दोन्ही घरची मिळून आठ लेकरं, त्यात हा सातवा. सात वर्षांचा असताना बाप गेला. पुढं शेत आईनं आणि थोरल्या सावत्र भावानं ओढलं. हे पोर मैलोन्‌मैल चालत शाळेत जायचं. ओढ्यात हातानं मासे धरायचं, पक्ष्यांची घरटी हुडकायचं. बारीकसारीक गोष्ट नजरेतून न सुटणं ही सवय त्याला शेतावरच लागली, असं मला तरी वाटतं. वावरात वाढलेल्या पोराला पानावरचा डाग लांबूनच दिसतो.

तेरा-चौदाव्या वर्षी तो भावांकडं लंडनला गेला. थोडं शिकला आणि मग एका जहाज कंपनीत कारकून म्हणून लागला. चार वर्षं आकडे लिहीत बसला. ते काम त्याला अजिबात आवडत नव्हतं. तेवढ्यात लग्न न केलेले एक काका वारले आणि वाटणीत ह्याच्या नावावर २५० पौंड आले. थोरला भाऊ टॉम डॉक्टर झालेला होता. त्यानं सांगितलं, ह्या पैशांतून डॉक्टरकी शीक. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या कॉलेजात तो गेला आणि १९०६ साली चांगल्या मार्कांनी डॉक्टर झाला.

इथं एक थांबा घेतो. व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते. गरीब शेतकरी फ्लेमिंगनं चिखलात बुडणाऱ्या चर्चिलला वाचवलं, चर्चिलच्या बापानं उपकार म्हणून शेतकऱ्याच्या पोराला शिकवलं आणि त्याच पोराच्या पेनिसिलीननं पुढं चर्चिलचा न्यूमोनिया बरा झाला. ऐकायला लई गोड आहे, पण खोटी आहे. शिक्षणाचा पैसा काकांचा होता. आणि १९४३ मध्ये चर्चिलला न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांना दिलेलं औषध सल्फा गटातलं होतं, पेनिसिलीन नव्हे. आपल्या ग्रुपवर परत आली तर पुढं ढकलू नका.

खरं काय झालं ते मात्र तितकंच गमतीचं आहे. फ्लेमिंगचा नेम चांगला होता आणि कॉलेजच्या रायफल क्लबला हा गडी सोडायचा नव्हता. म्हणून त्याला तिथंच अल्मरॉथ राइट ह्यांच्या प्रयोगशाळेत चिकटवलं गेलं. तो सर्जन व्हायचा होता, झाला जिवाणूंचा अभ्यासक. आयुष्यभर मग तिथंच राहिला.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलॉनच्या लष्करी दवाखान्यात गेला. गोळी लागून मरणाऱ्यांइतकेच जखमा चिघळून मरणारे तिथं त्यानं बघितले. त्या काळात जखमेत जंतुनाशक ओतायची पद्धत होती. फ्लेमिंगला शंका आली. त्यानं काचेची नळी तापवून तिला काटे काढले, म्हणजे आत खोल कोपरे असलेली जखमच जणू काचेची बनवली. मग दाखवून दिलं की ओतलेलं औषध त्या कोपऱ्यांत पोचतच नाही, उलट शरीराच्या ज्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात त्याच आधी मरतात. वरिष्ठांनी फारसं ऐकलं नाही. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. जंतूला मारेल आणि माणसाला त्रास देणार नाही असं काहीतरी पाहिजे.

युद्धानंतर १९२१ मध्ये सर्दी झालेली असताना त्यानं आपल्याच नाकातला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकून बघितला. आजूबाजूचे जंतू विरघळले! शेंबडात, आसवांत, अंड्याच्या पांढऱ्या बलकात असा एक पदार्थ असतो, त्याला त्यानं लायसोझाइम नाव दिलं. आसवं पाहिजेत म्हणून तो प्रयोगशाळेतल्या माणसांच्या डोळ्यांत लिंबाचा रस टाकायचा म्हणे. हा पदार्थ किरकोळ जंतूंनाच मारायचा, घातक जंतूंना नाही. पण असं काही निसर्गात असतं, ते बघायची नजर त्याला तिथं मिळाली.

मग आला सप्टेंबर १९२८. फ्लेमिंग महिनाभर सुट्टीवर गेला होता आणि जाताना जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा टेबलावर तशाच ठेवून गेला होता. टापटीप माणूस तो नव्हताच. ३ सप्टेंबरला परत आला. एका बशीत बुरशी धरली होती. असं नेहमीच व्हायचं. फळ नासतं तशी बशी नासायची आणि फेकून दिली जायची. पण ह्यानं निरखून बघितलं, तर बुरशीच्या भोवती गोल जागा मोकळी होती. बाकी बशीभर पू करणारे स्टॅफिलोकोकस जंतू, आणि बुरशीजवळचे विरघळून गेलेले. ही बुरशी पेनिसिलियम जातीची होती. बहुधा खालच्या मजल्यावर बुरशीवर काम चालायचं, तिथूनच तिचे बीजाणू उडून वर आले असावेत. मोसंबीवर येते तीही पेनिसिलियमच, पण जात वेगळी. म्हणून सांगतो, कुणी जखमेवर सडक्या फळाची बुरशी लावायला जाऊ नका. तिच्यात दुसरंच काही विषारी असू शकतं.

त्या रसाला तो आधी नुसता बुरशीचा रस म्हणायचा. १९२९ मध्ये त्यानं पेनिसिलीन हे नाव ठेवलं आणि लेख छापला. पण पुढं गाडी अडली. रस शुद्ध करता येईना, टिकेना, हाती फार थोडा लागे. तो काही रसायनशास्त्रज्ञ नव्हता. हळूहळू बाजूला पडलं. काही लोक फ्लेमिंगला ह्याबद्दल दोष देतात, की दहा वर्षं वाया घालवली. मला तेवढं पटत नाही. त्यानं बुरशी जपून ठेवली, मागेल त्याला दिली.

पुढचं काम ऑक्सफर्डच्या माणसांचं. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि चौघांना पेनिसिलीन दिलं. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते. युद्धाचे दिवस, भांडी मिळेनात. हीटलीनं दवाखान्यातल्या रुग्णांच्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवली.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलिसाला पहिल्यांदा ते इंजेक्शन सुरू केलं. त्याचं तोंड, डोळा, फुप्फुस सगळीकडं पू झाला होता. चोवीस तासांत फरक दिसला, ताप उतरला, माणूस जेवायला लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलीन गाळून परत त्यालाच टोचायचे. पाच दिवसांत तेही संपलं. जंतूंनी परत उचल खाल्ली आणि १५ मार्चला तो गेला. आबांचं आणि ह्या पोलिसाचं दुखणं मला सारखंच वाटतं. फरक एवढाच की त्याचं औषध संपलं होतं म्हणून बंद झालं, आणि आमचं मळणी यंत्र आलं म्हणून.

औषध ढिगानं बनवायची युक्ती अमेरिकेत पिओरिया गावच्या शेती प्रयोगशाळेत सापडली. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी, जे आपण वाया गेलेलं म्हणू, त्यात बुरशी जोमानं वाढली. आणि सगळ्यात जास्त औषध देणारी बुरशी कुठं मिळाली, तर तिथल्या बाजारातल्या एका खराब खरबुजावर. मका आणि खरबूज! १९४४ च्या जूनमध्ये सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा जखमींना पुरेल इतकं पेनिसिलीन तयार होतं.

त्याआधी १९४२ मध्ये फ्लेमिंगनं स्वतः एका ओळखीच्या माणसाला वाचवलं होतं. मेंदूच्या आवरणाला जंतू लागून तो मरणाला टेकला होता. फ्लोरीकडून औषध मागवून फ्लेमिंगनं ते थेट मणक्यात टोचलं. माणूस उठून घरी गेला. त्यानंतर वर्तमानपत्रांनी फ्लेमिंगला डोक्यावर घेतलं, ऑक्सफर्डची माणसं मागं राहिली. १९४४ ला त्याला सर ही पदवी मिळाली, १९४५ ला फ्लोरी आणि चेनसोबत नोबेल. हीटलीला नोबेल नाही. तो अन्यायच होता.

नोबेलच्या भाषणात फ्लेमिंगनं जे सांगितलं, ते आज गावोगाव स्पीकरवर वाजवावं असं आहे. मिरवायचं सोडून त्यानं इशारा दिला, तोही एका कल्पनेतल्या नवरा-बायकोच्या गोष्टीतून. नवऱ्याचा घसा दुखतो. तो स्वतःच दुकानातून पेनिसिलीन आणून अर्धवट घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच सरावलेले जंतू बायकोला लागतात, न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन लागू पडत नाही आणि ती मरते. चूक नवऱ्याची, जीव बायकोचा. हे १९४५ चं भाषण. त्यानंतर तीनच वर्षांत लंडनच्या एका दवाखान्यात सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंपैकी निम्म्याहून जास्त पेनिसिलीनला दाद देईनासे झाले होते.

जंतू सरावतात म्हणजे काय करतात? त्यातले कित्येक एक प्रकारची कात्री तयार करतात आणि पेनिसिलीनचा कणच कापून टाकतात. ही कात्री ऑक्सफर्डवाल्यांना १९४० मध्येच दिसली होती. नंतर १९७० च्या दशकात क्लॅव्युलॅनिक ॲसिड सापडलं. ते स्वतः जंतूला फारसं मारत नाही, पण कात्रीच्या पात्यात जाऊन अडकतं. कात्री जाम झाली की सोबतचं औषध आपलं काम करतं. सलबॅक्टम आणि टॅझोबॅक्टम ही त्याच कामाची. आबांच्या बाटलीवर दोन नावं का, त्याचं उत्तर हे. एक मारणारा, एक त्याची राखण करणारा. सगळ्याच जोड्या अशा कामाच्या नसतात बरं का. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोड-औषधांवर बंदी घातली होती, त्यांना वैद्यकीय आधार नाही म्हणून.

ही जोडीची इंजेक्शनं दवाखान्यातल्या मोठ्या दुखण्याची आहेत. रक्तात जंतू पसरणं, पोटात पू होणं, फुप्फुसाचा जोराचा संसर्ग, शुगरवाल्याचा सडका पाय. सर्दी, खोकला, डेंग्यू, नेहमीचा व्हायरल ताप ह्यांना त्यांचा काडीचा उपयोग नाही, कारण विषाणूवर ती चालतच नाहीत. तरी आपल्याकडं इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टर चांगला नाही, अशी समजूत आहे. ती आपली चूक आहे, डॉक्टरची नाही. आपणच मागतो.

मॅडमनी मला सांगितलेल्या काही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या होत्या. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिवसातून तीन-चार वेळा, शिरेतून, सावकाश द्यावं लागतं. काही इंजेक्शनं दिवसातून एकदा पुरतात, हे नाही पुरत. संध्याकाळी एकदा टोचून घरी आलो तर उरलेला दिवस जंतूला मोकळं रान. म्हणजे फ्लेमिंगच्या गोष्टीतला नवरा आपणच. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो, म्हणून आधी रक्त तपासतात. पू किंवा रक्त कल्चरला पाठवतात ते कोणतं औषध लागू पडेल हे कळावं म्हणून. जमलं तर पहिल्या डोसाच्या आधीच पाठवतात. ती तपासणी म्हणजे पैसे काढायचा धंदा, असं मीही समजायचो.

आणि रिॲक्शन. पिपरॅसिलिन, ॲमॉक्सिसिलिन ही पेनिसिलीनचीच घरची. नावात पेनिसिलीन नसतं म्हणून आपल्याला कळत नाही. कधीकाळी एखाद्या गोळीनं वा इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ-डोळे सुजले असतील, दम लागला असेल, तर सुई टोचायच्या आधी ते सांगायचं. सेफ नावानं सुरू होणाऱ्या इंजेक्शनांच्या वेळीही सांगायचं. त्या औषधाचं नाव कागदावर लिहून मोबाईलमध्ये फोटो ठेवा. आमच्या घरात आता सगळ्यांचा आहे. इंजेक्शननंतर निदान अर्धा तास तिथंच बसायचं. लगेच गाडीला किक मारायची नाही. घसा आवळल्यासारखा झाला, चक्कर आली, दम लागला तर तत्काळ ॲड्रिनलिन द्यावं लागतं, आणि ते जिथं हाताशी नाही तिथं असली इंजेक्शनं घ्यायचीच नाहीत. म्हणजे घरी, आखाड्यावर, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत नाही.

दोन-तीन औषधं एकाच सलाईनमध्ये मिसळायचा आग्रह धरू नका. जेंटामायसिनसारखं औषध पेनिसिलीनच्या घरच्या औषधात मिसळलं तर त्याचा जोर जातो. सेफोपेराझोन-सलबॅक्टम चालू असताना आणि थांबल्यावरही काही दिवस दारू नको. तोंड लाल होऊन, उलट्या होऊन, छाती धडधडून माणूस आडवा होतो. हे कुणासाठी लिहिलंय ते ज्याचं त्याला कळेल. आणि इंजेक्शनं किती दिवस, ते डॉक्टर ठरवणार. आजकाल डॉक्टर काही दुखण्यांत कमी दिवसांतच थांबवतात आणि गोळीवर आणतात, तेही बरोबर असतं. पण ते त्यांनी ठरवायचं, मळणी यंत्रानं नाही. ताप असून माणूस बरळायला लागला, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालला, हातपाय गार पडले, तर इंजेक्शनवाला शोधत न बसता १०८ ला फोन लावा.

जनावरांचंही हेच. गाईला दगडी झाली की सडात पेनिसिलीनच्या घरचीच औषधं सोडतात. डबीवर जितके दिवस लिहिले तितके दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही. घालतात, मला माहीत आहे. त्या दुधातून ज्याला ॲलर्जी आहे अशा लेकराच्या पोटात ते जातं.

फ्लेमिंगनं पेनिसिलीनचं पेटंट घेतलं नाही. उतारवयात देशोदेशी फिरला, मानपत्रं घेतली. बोलायला फार कमी. पहिली बायको सारा नर्स होती, ती १९४९ मध्ये गेली. १९५३ मध्ये त्यानं सोबत काम करणाऱ्या ग्रीक डॉक्टर अमालियाशी लग्न केलं. ११ मार्च १९५५ रोजी लंडनच्या घरी हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये, जिथं त्यांचे मोठे सेनापती आहेत, तिथं ह्या मेंढरं राखणाऱ्या घरच्या पोराला जागा मिळाली. सेंट मेरीजमधली त्याची ती लहानशी खोली आता संग्रहालय आहे.

तोपर्यंत आपल्या देशात पेनिसिलीन बाहेरून यायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. फ्लेमिंग गेला त्याच साली, १९५५ मध्ये, तिथं पेनिसिलीन बनायला लागलं. गावाकडच्या दवाखान्यात पेनिसिलीनची सुई पोचली ती त्यानंतर. आमची आजी सांगायची की तिच्या थोरल्या भावाला पायात काटा मोडल्याचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. साल तिला सांगता येत नव्हतं, पण तेव्हा सुई नव्हती, एवढं सांगायची.

आबा आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात. काल मोसंबीखालची फळं वेचताना त्यांना ही बुरशी दाखवली आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी फळ हातात फिरवून बघितलं, फेकलं, आणि धोतराला हात पुसायच्या आधी मला पाणी टाकायला लावलं.